हळूच दिलेला धक्का : आपल्या 'हो'मागे कोण उभे असते?

संध्याकाळी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुले घ्यायला गेलात, तर फुलवाली "फुले हवीत का?" असे विचारत नाही. "दोन हात देऊ की तीन?" असे विचारते. घरून निघताना एकच हात मोगरा घ्यायचा असे ठरवलेले असते, आणि परत येताना पिशवीत दोन हात असतात. तिने फसवलेले नाही. भाव आधी सांगितला, माप डोळ्यांदेखत घातले, आणि एक हात मागितला असता तर तोही दिला असता. फक्त प्रश्न असा विचारला की तोंडातून 'दोन' सहज निघावे.

लग्नाच्या पंगतीत शेजारचा कोपराने हळूच ढोसतो आणि आपण आणखी एक जिलबी वाढून घेतो, तसाच हा प्रकार. अर्थशास्त्रात याला 'नज' म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले, आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाला कशाचीही बंदी करू नका, दंड लावू नका, मोठे बक्षीसही देऊ नका. पर्याय कसे मांडले आहेत एवढेच बदला, म्हणजे बहुतेक माणसे निराळे वागतात. न सांगता आपोआप जे घडते तेच बहुतेक जण चालू ठेवतात. फॉर्मवर आधीच टिक केलेली असेल तर ती पुसायला कोणी जात नाही.

फुलवालीच्या दुकानात फार तर वीस-तीस रुपयांचा प्रश्न असतो. बँकेच्या टेबलावर, मोबाइलच्या पडद्यावर आणि करविवरणाच्या फॉर्ममध्येही हेच चालते, आणि तिथे पणाला लागते ती आपली वर्षांची बचत. म्हणून हा धडा.

दारावर येणारा धक्का

या बाबतीत कर्नाटक जगाच्या बरेच पुढे होते, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली उडुपीत बँक काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली (१ एप्रिल २०२० पासून ती कॅनरा बँकेत विलीन झाली आहे). या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारावर किंवा दुकानावर यायचा आणि अगदी दोन आणेसुद्धा जमा करून घ्यायचा. बँकेची पायरी चढायला बिचकणारे विणकर, कोळी, छोटे दुकानदार यातून खातेदार झाले. पुढे ही पद्धत इतकी रुळली की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पतसंस्थांतही 'पिग्मी' हा मराठी शब्दच होऊन बसला.

पिग्मीत व्याज फार नसते. मुदतीआधी पैसे काढले तर कापूनही घेतात. तरी लोकांचे पैसे साठले, कारण माणसाचा स्वभाव ओळखून केलेली ती योजना होती. दिवसाची विक्री गल्ल्यात असतानाच, खर्च व्हायच्या आधी, मागणारा समोर उभा. रक्कम एवढी लहान की नाही म्हणायला लाज वाटावी. रोज ५० रुपये दिले आणि महिन्यात २५ दिवस दिले, तर वर्षाला १५,००० होतात. महिनाअखेरीस एकदम १,२५० रुपये बाजूला टाका म्हटले तर किती जणांना जमेल? आपल्या बायकांची भिशी याच तत्त्वावर चालते. 'या महिन्यात मी देणार नाही' असे चारचौघींत म्हणणे अवघड, हाच तिचा आधार.

थेलर यांनी श्लोमो बेनार्त्झी यांच्यासोबत अमेरिकेत एक योजना आखली होती. त्यांनी एका कारखान्यातल्या कामगारांना सांगितले, आज काही देऊ नका. पुढच्या पगारवाढीपासून थोडा-थोडा वाढता भाग बचतीत टाकू, नको असेल तेव्हा थांबा. त्या कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. जबरदस्ती कुठेही नव्हती. बाहेर पडायची वाट उघडी होती, पण बहुतेक जण तिकडे फिरकलेच नाहीत.

तेव्हा धक्का वाईटच असतो असे समजू नका. माझ्या मते लहान बचतदाराला तो हवाच असतो. पिग्मीवाला यायचा थांबला, म्हणजे ते पन्नास रुपये कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे.

एकच सिलिंडर, दोन धक्के

आता उलटी बाजू. दोन्ही गोष्टी स्वयंपाकाच्या गॅसच्या आहेत आणि त्यांच्यात दोन-अडीच वर्षांचेच अंतर आहे.

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'गिव्ह इट अप' मोहीम सुरू केली. ज्यांची ऐपत आहे त्यांनी गॅसवरची सबसिडी आपणहून सोडावी, असे जाहीर आवाहन होते. जाहिराती झाल्या, सोडणाऱ्यांची नावे संकेतस्थळावर झळकली. शेजाऱ्याने सोडली म्हटल्यावर आपल्यालाही सोडावीशी वाटावी, असा तो धक्का होता. साधारण वर्षभरात एक कोटीहून अधिक घरांनी सबसिडी सोडली. नोंदणी करताना फोनवर भलताच आकडा दाबला गेला आणि नकळत सबसिडी सुटली, अशा तक्रारीही तेव्हा झाल्या, ते निराळे. पण मागणी उघड होती आणि ती ऐपत असलेल्यांकडे होती.

दुसरी गोष्ट २०१७ ची. मोबाइलचे सिमकार्ड आधारशी जोडण्यासाठी तेव्हा दुकानांपुढे रांगा लागत होत्या. माणूस यंत्रावर बोट ठेवायचा आणि समजायचा की सिमचे काम झाले. पण एअरटेलच्या अनेक ग्राहकांचे त्याच आधारपडताळणीतून एअरटेल पेमेंट्स बँकेत खातेही उघडले गेले, तेही त्यांची स्पष्ट संमती न घेता. त्या वेळचा नियम असा होता की आधारला सर्वांत शेवटी जे खाते जोडले असेल त्यात सरकारी अनुदान जमा होणार. त्यामुळे लाखो घरांची गॅस सबसिडी नेहमीच्या बँकेत येईनाशी झाली आणि या नव्या, ठाऊकही नसलेल्या खात्यात पडू लागली. पासबुक भरून आणले तरी पैसे दिसेनात. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची पडताळणीची परवानगी थांबवली, रक्कम लोकांच्या मूळ खात्यांत परत करावी लागली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला.

पैसे चोरीला गेले नव्हते, हे लक्षात घ्या. ते त्याच माणसाच्या नावावर होते. फक्त कुठे जमा व्हावेत हे त्याने ठरवले नव्हते, त्याच्या वतीने परस्पर ठरले होते. ज्याला महिन्याला ती दोनशे-अडीचशे रुपयांची सबसिडी मोजावी लागत नाही, त्याच्या हे ध्यानातही आले नसेल. जी बाई सिलिंडर भरून घेण्यासाठी ती रक्कम येण्याची वाट पाहते, तिने बँकेत चार खेटे घातले.

मावशीची ठेव

ही घरातली गोष्ट. माझी मावशी मल्लेश्वरममध्येच राहते, शाळेतून निवृत्त झाली. काही वर्षांपूर्वी तिची चार लाखांची ठेव मुदत संपली म्हणून ती नूतनीकरणाला बँकेत गेली. रांगेत उभे न करता तिला आत केबिनमध्ये बसवले, कॉफी आली. "मॅडम, ठेवीसारखंच आहे, व्याज मात्र जास्त," असे सांगितले गेले. फॉर्म इंग्रजीत. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या आधीच मारून ठेवलेल्या. तिने दहा-बारा सह्या केल्या आणि समाधानाने घरी आली. वर्षाने मोबाइलवर संदेश आला की एक लाखाचा दुसरा हप्ता भरायचा आहे. तेव्हा कळले, ती ठेव नव्हतीच, दहा वर्षे हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पहिला हप्ता बुडाला.

"सही मीच केली ना," असे ती अजून म्हणते. मला हे फार खटकते. जिने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या तिला वाचता येत नव्हते असे नाही. खुर्ची, कॉफी, पेन्सिलीच्या फुल्या आणि मागे ताटकळलेली रांग यांनी मिळून 'वाचत बसू नका' असे तिला सांगितले होते.

थेलर यांनी अशा वाईट धक्क्यांना 'स्लज' असे नाव दिले आहे, म्हणजे गाळ. आत शिरताना घसरगुंडी आणि बाहेर पडताना चिखल. एका बोटाने सुरू होणारी वर्गणी बंद करायला जेव्हा पाच पडदे, दोन फोन आणि एक ईमेल लागतो, तो हाच गाळ.

तोटा सगळ्यांना सारखा होत नाही

महिन्याला १९९ रुपयांची एखादी नको असलेली वर्गणी आपोआप कापली जात असेल, तर वर्षाला २,३८८ रुपये जातात. महिना दीड लाख मिळवणाऱ्याच्या कमाईचा हा हजारातला जेमतेम सव्वावा भाग. महिना १५,००० मिळवणाऱ्याच्या कमाईतून मात्र शेकड्याला सव्वा रुपयाहून थोडे जास्तच जाते. रक्कम तीच, ओझे दहापट.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' ठळक छापलेली असते. समजा बिल २०,००० चे आहे आणि किमान देय १,००० आहे. व्याज महिना साडेतीन टक्के धरले तर ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६ रुपये. म्हणजे हजार भरल्यावर मुद्दलातून कमी झाले फक्त १७४ रुपये. पैसेवाला माणूस पूर्ण बिल भरतो आणि त्या ठळक आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो आकडा, खरे तर, पूर्ण भरू न शकणाऱ्यासाठीच ठळक केलेला असतो.

गरीब माणूस बेफिकीर असतो म्हणून फसतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर पाहावा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर, विचारशक्तीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. तेच शेतकरी तोडणीनंतर चाचण्यांत स्पष्टपणे सरस ठरले. पैशाची चणचण डोक्यातली जागा अडवते, मग बारीक अक्षरे वाचायला उरते काय? धक्के देणाऱ्या यंत्रणेला हे पक्के ठाऊक असते. ॲप कोणता पडदा, कोणता रंग, दिवसातली कोणती वेळ निवडते ते हजारो लोकांवर आजमावून.

त्यात आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि सही करायची ती इंग्रजी कागदावर. व्यंकोजी राजांच्या काळापासून या भागाशी मराठी माणसाचे नाते आहे, काडू मल्लेश्वराच्या देवळाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. तरी कर्जाच्या कागदावरची बारा नंबरची अट आजही आपण नातवाला वाचायला सांगतो.

सरकारही ढोसते

२०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात 'नज'वर एक पूर्ण प्रकरण होते आणि निती आयोगात यासाठी खास विभाग असावा अशी सूचनाही होती. ब्रिटनने असा विभाग २०१० मध्येच काढला. सरकारने लोकांना चांगल्या सवयींकडे वळवावे, यात गैर काय, असे वाटू शकते. उदाहरणे पाहा.

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातात. एकदा संमती दिली की पुढे आठवण ठेवावी लागत नाही. प्रत्येकी दोन लाखांच्या संरक्षणासाठी ही रक्कम नगण्य आहे आणि हा धक्का मला पसंत आहे. पण ही संमती खातेदाराने न समजता दिली असेल, तर त्याच्या पश्चात बायकोला दावा करायचा असतो हे सांगणार कोण? विमा आहे आणि कोणाला ठाऊक नाही, तर ते ४५६ रुपये वाया गेल्यासारखेच. पासबुकातल्या या दोन नोंदी आजच घरच्यांना दाखवून ठेवा.

दुसरे उदाहरण पगारदारांचे. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. नव्यात कराचे दर कमी आहेत आणि अनेकांच्या ती फायद्याचीही आहे. पण आपण ज्याला '८०सी' म्हणतो ती पीपीएफ, विमा, राष्ट्रीय बचतपत्र यांवरची दीड लाखापर्यंतची वजावट तिच्यात नाही. आपल्या पिढीची कितीतरी बचत मार्चमधल्या त्या करवजावटीच्या धावपळीतूनच झाली. ती धावपळ हाही एक धक्काच होता. तो गेला, आणि त्याच्या जागी बचतीकडे ढकलणारे दुसरे काही आले नाही. मुलांनी पीपीएफ बंद केला असेल तर त्यांना कारण विचारा. 'आता त्यावर करसवलत नाही' एवढेच उत्तर आले, तर म्हातारपणाची सोय हे पीपीएफचे मूळ कारण कोणी पुसले हे कळेल.

तरी करप्रणालीचा हा बदल आणि २०१७ मधला तो सबसिडीचा प्रकार एका मापाने मोजू नये. कराचा बदल संसदेत मांडला गेला, वर्तमानपत्रांत तक्ते छापून आले, आणि बाहेर पडायची वाट फॉर्ममध्येच आहे. आवडला नाही तर आपण पत्र लिहू शकतो, खासदाराला विचारू शकतो, मतदानाच्या वेळी लक्षात ठेवू शकतो. थेलर आणि सनस्टीन यांनीच एक कसोटी सांगितली आहे : जो धक्का सरकार लोकांसमोर उघडपणे समर्थन करून सांगू शकत नाही, तो देऊ नये. यंत्रावर ठेवलेल्या बोटाचा परस्पर दुसराच अर्थ लावला जातो, तेव्हा विचारायला जागाच उरत नाही. मतदानाच्या दिवशी गरीब-श्रीमंत दोघांचे बोट एकाच शाईने रंगते. उरलेले वर्षभर त्याच बोटाची किंमत निरनिराळी असेल आणि कोणाच्या 'हो'चा अर्थ कोणी भलताच ठरवणार असेल, तर नागरिकाचा नुसता लाभार्थी होतो, तोही आपल्याला काय मिळाले हे ठाऊक नसलेला.

आपल्या हातात काय आहे

पुष्कळ आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू घुसडणे, 'नको, मला कुटुंबाची काळजी नाही' अशा बटणाने लाजवणे, वर्गणीचा सापळा, हे सगळे त्यात येते. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक.

कर्ज घेताना बँकेने किंवा वित्तकंपनीने 'मुख्य तथ्यपत्रक' द्यावे लागते, १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांसाठी. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मराठीत मागायला संकोच करू नका. निदान तोंडी समजावून घ्या, सही नंतर. मोबाइलवरून घेतलेले कर्ज नको वाटले तर किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज देऊन मोकळे होता येते. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी यावी लागते आणि त्यातच ती थांबवायची सोय असते. विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. ही मुदत २०२४ पासून वाढली, मावशीच्या वेळी ती कमी होती. बँकेने ऐकले नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी १४४४८.

गृहपाठ

गेल्या तीन महिन्यांचे पासबुक किंवा खातेउतारा घ्या. आपोआप गेलेल्या प्रत्येक रकमेवर पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक खुणेपुढे लिहा : याला मी 'हो' कधी म्हणालो/म्हणाले, कोणी विचारले होते, आणि बंद करायचे असेल तर काय करावे लागेल. ज्या नोंदीपुढे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लिहिता येणार नाही, ती घेऊन शाखेत जा आणि लेखी माहिती मागा.

त्याच उताऱ्यावर आपल्या स्वतःच्या बचतीची एक आपोआप जाणारी नोंद आहे का, तेही पाहा. नसेल तर पगाराच्या किंवा पेन्शनच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख टाकून आवर्ती ठेव सुरू करा, भले ५०० रुपयांची. फॉर्मवर टिक स्वतः करा, पेन्सिलीच्या फुल्या कोणी मारल्या असतील तर आधी पुसून.